वरची खूण

गाडी जॅकने उचलून चार लोखंडी घोड्यांवर चढली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. पोर्चच्या फरशीवरचा डाग चारुलताने गुरुवारी संध्याकाळीच खडूने आखून ठेवला होता. शुक्रवारी आणि शनिवारी पुन्हा आखला. पहिल्या आणि दुसऱ्या वर्तुळात चार बोटांचं अंतर होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्यात अर्ध्या बोटाचंही नव्हतं. डाग लाल होता, पातळ, कडेला गुलाबी होत गेलेला.

वामनराव पोत्यावर उकिडवे बसून वर्तुळांकडे पाहत राहिले. ते भिवापूरहून पहिल्या एसटीने आले होते. ही गाडी जिथे दुरुस्तीला जायची ते धरमपेठेतलं गॅरेज बंद करून शेतीकडे परतून त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण चारुलताच्या मुलीने, गार्गीने, फोनवर गाडीचं नाव काढलं तेव्हा त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला होता. रविवारी चालेल का.

"हे गोल कोणी काढले जी?"

"मी," चारुलता म्हणाली.

"बेस केलं, मॅडम. म्हणजे गळणं कमी होऊन राहिलं."

"कमी काय होईल," अनिश पायरीवरून म्हणाला. "आतलं संपलं असेल. रिकाम्या टाकीतून काय गळणार?"

"तसंही असू शकते. पण विचारल्याबिगर कसं सांगाव?"

"कोणाला विचारणार?"

"गाडीले."

अनिशने घड्याळ पाहिलं. सोमवारी सकाळी दहाला गाडीचं पासिंग होतं. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी जुनी गाडी तपासायला न्यावी लागते, आणि तेल गळणारी गाडी त्यात पास होत नाही. मुदत डिसेंबरअखेर संपत होती, त्यापुढची तारीख मिळत नव्हती. गुरुवारी तो स्वतः गाडी धुराच्या चाचणीला घेऊन गेला, तिथून इंजिन जरा मोकळं व्हावं म्हणून रिंग रोडला काढली, आणि अठराव्या किलोमीटरला खालून धूर आला. गाडी ट्रकवर लादून परत आणावी लागली. रस्त्यातल्या एका गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं होतं आणि सांगितलं होतं की गिअरबॉक्सची सगळी सीलं गेली, उघडावा लागेल, आणि ह्या गाडीचे पार्ट आता मिळत नाहीत. अनिशने त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला मंगळवारची वेळ दिली. आईला शुक्रवारी सांगितलं.

आईने लगेच ताईला, गार्गीला, फोन केला होता. ताई शनिवारी पुण्याहून आली.

चारुलताच्या नवऱ्याने, गिरिधररावांनी, मोंबासाच्या बंदरावरची नोकरी संपवून ही गाडी आणली तेव्हा घरात पाच माणसं होती आणि गाडीत दोन सीटा. गडद हिरवी, कापडी टपाची, जमिनीला लागून धावणारी. डाव्या सीटवर कोण बसणार, यावरून घरातले काही प्रश्न सुटले आणि बरेच निर्माण झाले. सर्वांत जास्त बसला सुमंत, गिरिधररावांचा धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावर एकटा राहणारा. गार्गी निकालांच्या दिवशी बसायची. अनिशला वचन मिळायचं. चारुलता पंचवीस वर्षांत अकरा वेळा बसली. उजव्या सीटवर, गिरिधरराव असेतो, एकदाही नाही.

ते गेल्यावर गाडी तिच्या नावावर झाली. डाव्या गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रियांनंतर तिला क्लच दाबता येत नव्हता, पण ह्या ऑटोमॅटिक गाडीला क्लच नव्हताच. सदुसष्टाव्या वर्षी तिने लायसन्स काढलं. अनिश म्हणाला होता, "तुला कुठे जायचं ते सांग, मी ड्रायव्हर पाठवतो." ती म्हणाली होती, "मला कुठे जायचं नाही. मला चालवायची आहे." तो विषय तिथे थांबला होता. पासिंग झालं की मी रोज काढणार, एवढंच तिने नंतर एकदा जेवताना सांगितलं.

वामनरावांनी डागात बोट बुडवून वास घेतला. मग बोट चारुलतापुढे धरलं.

"जळका वास नाही," ती म्हणाली. ती आत जाऊन गाळणकागदाची पाकिटं घेऊन आली. कॉलेजातलं शिकवणं सुटलं तरी ती तिच्या कपाटात होती. गाडीखालून लोंबणारा एक थेंब तिने कागदावर घेतला आणि तो पसरेपर्यंत सगळे थांबले. थेंब गोल पसरला. मधोमध काळा ठिपका राहिला नाही. कण नव्हते.

"आतल्या प्लेटा जळल्या असत्या तर काळं उरलं असतं," ती म्हणाली.

"उरलंच असतं," वामनराव म्हणाले. "गिअरबॉक्स जित्ता हाय."

"काका," अनिशने वर बघून हाक मारली. जिन्याच्या कठड्याला टेकून सुमंत केव्हापासून उभा होता. "तुम्ही सांगा ना. आपलं बोलणं झालं होतं."

"पाहू दे त्यांना," सुमंत म्हणाला. "आलेच आहेत तर."

गार्गीने भावाकडे पाहिलं. "काय बोलणं झालं होतं?"

"हेच. की ही गाडी आता चालवायची नाही."

"कोणी चालवायची नाही? तू तर गुरुवारी एकशे दहावर नेली."

"तुला कोणी सांगितलं?"

"तू ट्रकवाल्याला सांगत होतास. आईने ऐकलं."

वामनराव कधीच गाडीखाली गेले होते. त्यांचे पाय तेवढे दिसत होते, टाचांना काळी माती. रॉकेलच्या चिंधीने पुसण्याचा आवाज येत होता. "मागचं सील सुकं," खालून आवाज आला. "पुढचं बी सुकं. तळाची पॅकिंग सुकी." थोड्या वेळाने, "पाइप सुके."

"मग ओलं काय आहे?" गार्गीने विचारलं.

"वरून ओघळलं, बाई. पार डोक्यापासून." ते सरपटत बाहेर आले. "शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पाणी दिसलं म्हणून धुराच फुटला असं नसते. वरच्या वावरातून येऊन राहिलं असते. माणूस धुराच लिंपत बसते. चालू करा जी गाडी. पी मधी ठेवा."

चारुलता वाकून उजव्या सीटवर बसली. घोड्यांवर चढलेल्या गाडीत बसणं तिला सोपं गेलं, सीट कमरेच्या उंचीवर आली होती. इंजिन पहिल्या फिरकीला लागलं.

वामनरावांनी बोनेटमधून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी उपसली. हातभर लांब तार, आणि तिच्या टोकाला चार खुणांचा चपटा पत्रा. पुसली, घातली, काढली. उजेडात धरली. पुन्हा पुसून पुन्हा घातली. अनिश पायरीवरून उठून जवळ आला.

"रिकामी ना?"

वामनरावांनी पट्टी त्याच्यासमोर धरली. चपटा पत्रा पूर्ण लाल होता. वरची तार वीतभर लाल होती.

"पुरा बुडाला," ते म्हणाले. "एवढं सांडलं, रस्त्यानं सांडलं, इथं सांडलं, तरी गळ्यापर्यंत भरून हाय. म्हणून फसफसलं. गरम झालं, फेसाळलं, वर एक श्वासाचं भोक असते, तिथून बाहेर फेकलं. गरम सायलेन्सरवर पडलं, तोच धूर. त्याचा दम कोंडून राहिला होता बिचाऱ्याचा." त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "कोण भरून राहिलं हो एवढं?"

इंजिन चालू होतं.

"मी," चारुलता म्हणाली. तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

तिच्या टेबलाच्या खणातून दोन वह्या आल्या. पहिली गिरिधररावांची, मोंबासाच्या एका स्टेशनरी दुकानाचा शिक्का असलेली. त्यात त्यांच्या सरळ अक्षरात एक ओळ होती: दर रविवारी, इंजिन चालू, गिअर पी, तेल वरच्या खुणेपर्यंत. दुसरी तिची. प्रत्येक रविवारची तारीख, वेळ, किती टाकलं ते मिलिलिटरमध्ये. ते आजारी पडले तेव्हापासून ती दर रविवारी गाडी दहा मिनिटं उभ्या जागी चालू ठेवत असे, पट्टी बघत असे आणि मोजपात्राने वरच्या खुणेपर्यंत भरत असे.

वामनरावांनी दोन्ही वह्या दूर धरून वाचल्या. मग पट्टीच्या चार खुणांवरून नख फिरवलं.

"साहेब तिकडं मोंबासात बंदरावरून घरी येत. दीड तास गाडी चालली राहे. चुलीसारखी गरम. मग पट्टी पाहत. ह्या वरच्या दोन खुणा गरम तेलाच्या. खालच्या दोन थंड्याच्या. साहेबानं त्यांच्यापुरतं बरोबर लिहिलं." त्यांनी पट्टी पुसायला घेतली. पुढचं त्यांना बोलायचं नव्हतं असं दिसलं.

"मी थंड गाडीत गरम खुणेपर्यंत भरलं," चारुलता म्हणाली.

द्रव तापला की त्याचं आकारमान वाढतं, हे तिने पहिल्या वर्षाच्या वर्गाला एकोणतीस वर्षं शिकवलं होतं. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. कोणी विचारलं असतं तर तिने ते झोपेतही सांगितलं असतं. वहीतल्या ओळीला तिने विचारलं नव्हतं, कारण ती त्यांच्या अक्षरात होती.

"माझी चूक," ती म्हणाली. "एकूण साडेचारशे मिलिलिटर. शेवटचं जुलैत टाकलं. पुढे टाकलं नाही."

"काहून नाही टाकलं?"

तिने वहीकडे बोट केलं. गार्गीने वही घेतली आणि पानं उलटली. ऑगस्ट. सप्टेंबर. ती मनात वाचत होती, पण ओठ हलत होते, आणि मग आवाज फुटला. "रेघ दिसली नाही. रेघ दिसली नाही. आई, हे काय आहे? सगळ्या रविवारी तेच लिहिलंय."

"सतरा रविवार," चारुलता म्हणाली.

अनिशला आधी वाटलं की आपण जिंकलो, आणि लगेच वाटलं की हे वाटायला नको होतं. मार्चमध्ये आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. तेव्हापासून त्याला एकच दृश्य दिसत होतं, शंकरनगर चौकात ही बुटकी गाडी आणि एक सिटी बस. ते तो कोणाला सांगत नव्हता. त्याऐवजी तो पार्ट मिळत नाहीत असं सांगत होता.

"तुला हातातल्या पट्टीवरची रेघ दिसत नव्हती," तो सावकाश म्हणाला, "आणि तू रस्त्यावर गाडी काढणार होतीस."

"दोनदा डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले नजर उत्तम आहे."

"मग?"

"मग मी त्यांच्यावर नाही, पट्टीवर विश्वास ठेवला."

गार्गीने वही मिटली. शुक्रवारी रात्रभर प्रवास करून ती आईच्या बाजूने भांडायला आली होती. "मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "मी अन्याला उगाच बोलले. तो चुकीचं बोलत नव्हता ना मग."

"मी तेच सांगून राहिलो दोन महिन्यांपासून," अनिश म्हणाला.

"तू पार्ट मिळत नाहीत असं सांगत होतास. डोळ्यांचं नाही."

"एकच आहे ते."

वामनराव या बोलण्याकडे पाठ करून कामाला लागले होते. चारुलताच्या कपाटातली शंभर मिलिलिटरच्या मोठ्या पिचकारीला सलाइनची नळी जोडून ती त्यांनी पट्टीच्या भोकातून आत सोडली होती. एकेक पिचकारी ओढून ते मोजपात्रात रिकामी करत होते. मधूनमधून इंजिन चालू करवून पट्टी पाहत. चारुलता उभी राहून आकडे लिहीत होती. तिचा हात नेहमीसारखाच चालत होता. अक्षर नेहमीसारखंच बारीक होतं.

खालच्या दोन खुणांच्या मध्ये तेल आलं तेव्हा त्यांनी नळी काढली. "किती झालं जी?"

"नऊशे ऐंशी."

ती आकड्याकडे पाहत राहिली. "साडेचारशे माझे," ती म्हणाली. "पाचशे तीस जास्त आहेत. शिवाय जे सांडलं ते वेगळं. हे कुठून आलं?"

"तू लिहायला विसरली असशील," अनिश म्हणाला. त्याने ते मृदूपणे म्हटलं, आजारी माणसाशी बोलतात तसं.

कठड्याशी उभ्या असलेल्या सुमंतला तो आवाज ओळखीचा वाटला. दादा शेवटच्या महिन्यांत आजारी होता तेव्हा सगळे त्याच्याशी असेच बोलत. दादाने काही मागितलं की हो हो म्हणत आणि देत नसत. एकदा दुपारी, घरात कोणी नसताना, दादा त्याला म्हणाला होता, गाडीचं तेल कमी पडू देऊ नको. बायकोला त्याने वही दिली होती, हे सुमंतला आज कळत होतं.

तो गप्प राहिला तर काय होईल, हे त्याला नीट दिसत होतं. गाडी मंगळवारी जाईल. वहिनी गाडी मागणार नाहीत, चावी मागणार नाहीत. आणि पुढे कधी त्या म्हणाल्या की दुधाचे पैसे दिलेत, तर कोणीतरी म्हणेल, दिले असतील, पण तुम्ही विसरला असाल. हे सगळं त्याने एक शब्दही न बोलता होण्यासारखं होतं. तो तीन पायऱ्या उतरला.

"मी टाकलं," तो म्हणाला.

अनिशला कळलं नाही. "काय टाकलं?"

"तेल. वहिनी संध्याकाळी फिरायला जायच्या तेव्हा." त्याने खिशातून चावी काढून गाडीच्या पुढच्या मडगार्डवर ठेवली. दुसरी चावी, गेल्या वर्षी हरवली म्हणून सगळ्या घराने शोधलेली.

"चावी पेंटवर नका ठेवू जी," वामनराव म्हणाले. "चरा पडते." त्यांनी ती उचलून पायरीवर ठेवली.

"काका, का पण?" गार्गीने विचारलं.

"वर्षश्राद्धापर्यंत अनिश दर महिन्याला करत होता. मग संपलं. गुरुजी म्हणाले आता वर्षातून एकदा." सुमंत चारुलताकडे न बघता बोलत होता. "दादाची नवमी. दर महिन्याला शुद्ध नवमी आली की मला वरती बसवेना. लोक तीळ आणि पाणी देतात. तो पाणी मागणाऱ्यातला नव्हता. मी एक फुलपात्र तेल टाकत गेलो."

"भरून?" चारुलताने विचारलं.

"गळ्यापर्यंत."

"एकशे ऐंशी धरू. कधीपासून?"

"वर्षश्राद्धानंतरच्या नवमीपासून."

"जून. म्हणजे सात वेळा." तिने वहीच्या समासात गुणाकार केला. "बाराशे साठ. पाचशे तीस हे, बाकीचं सांडलं. जुळतं." मग तिने वर पाहिलं. "टाकण्याआधी पट्टी पाहिली नाहीत, भाऊजी?"

"पाहून देतात का कोणी?" सुमंत म्हणाला.

वामनरावांनी मोजपात्र बाजूला सरकवलं, उगाचच.

"आणि गुरुवारी?" अनिशचा चेहरा लाल झाला होता. "गाडीतून धूर निघाला तेव्हा मी आत होतो. आणि त्यानंतर तुम्हीच मला म्हणालात, जाऊ दे भंगारात."

"म्हणालो. मला वाटलं मीच बिघडवली. गाडी गेली असती तर कोणाला कळलं नसतं."

"आईला काय वाटून राहिलं होतं, ते माहीत होतं?"

"आत्ता कळलं. म्हणून आलो ना खाली."

चारुलता बोनेटपाशी गेली. पट्टी उपसली, चपट्या पत्र्याच्या वर, जिथे तार सुरू होते तिथे बोट ठेवलं. "ऑगस्टपासून तेल ह्याच्या वर गेलं होतं," ती म्हणाली. ती कोणाशी बोलत आहे हे स्पष्ट नव्हतं. "पत्रा बुडाल्यावर त्याच्यावर रेघ उमटणार कशी. रेघ नव्हतीच. मला जे दिसलं नाही ते तिथे नव्हतं."

"बरोबर," वामनराव म्हणाले. "मलेही नाही दिसली मघा. माह्या डोळ्याले तर कोणी हात बी नाही लावला."

पुढची तासाभराची कामं साधी होती. श्वासाचं भोक गिअरबॉक्सच्या माथ्यावर होतं, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी. त्याच्या टोपीभोवती कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. वामनरावांनी ते तारेने काढलं, टोपी पेट्रोलमध्ये धुतली, फुंकून पाहिली. चारुलताने बॅटरीचा उजेड धरला. गिअरबॉक्स वरपासून खालपर्यंत पुसून कोरडा केला आणि त्यावर अंगाला लावायची पावडर फडक्याने थापटून उडवली, पांढरा पातळ थर बसेपर्यंत. कुठूनही एक थेंब आला तरी पावडरवर लाल वाट उमटणार होती. गार्गीने चहा केला. सुमंतने घोड्या काढायला जॅक फिरवला. अनिशने त्याला मदत केली, पण त्याच्याशी बोलला नाही.

"आता वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा लागते," वामनराव हात पुसत म्हणाले. "गरम झाल्याबिगर खरं कळत नाही."

"मी नेतो," अनिश म्हणाला.

"तुम्ही गुरुवारी नेली होती. मले साठच्या आत चाललेली पाहिजे. मॅडम नेतील."

"तुम्ही बसा मग सोबत."

"मी बसलो तर इथं सामान कोण सांभाळीन?" वामनरावांनी सभोवती पसरलेल्या चार पान्यांकडे आणि एका पोत्याकडे हात केला.

चारुलताने सीट पुढे ओढून घेतली आणि आरसे लावले. तीन आरसे, प्रत्येकी दोनदा. अनिशने डावीकडचं दार उघडलं. सुमंत तिथेच उभा होता, त्याने एक पाऊल मागे घेतलं.

गाडी वर्धा रोडला लागली. ऊन कोवळं होतं, रस्त्यावर रविवारची मोकळीक होती. अनिशने गुडघे पोटाशी घेऊन बसायची सवय केव्हाच गमावली होती. त्याने लक्षात ठेवलं की आई सिग्नलला रेषेच्या वीतभर अलीकडे थांबते, आणि हिरवा झाल्यावर आधी डावीकडे मग उजवीकडे पाहून निघते. मागचे हॉर्न देतात. ती हॉर्नकडे लक्ष देत नाही.

"उजवीकडून ऑटो येतोय," तो म्हणाला.

"दिसला. तू हलायच्या आधी दिसला."

विमानतळाच्या पुढे त्याने अगदी सहज आवाजात विचारलं, "तो पुढचा बोर्ड काय आहे गं?"

"कोणता? निळा की त्याच्या मागचा हिरवा?"

मागचा हिरवा त्याला दिसला नव्हता. तो दिसायला आणखी काही सेकंद गेले. "राहू दे," तो म्हणाला.

"परीक्षा घ्यायची तर नीट घे. त्या ट्रकचा नंबर विचार."

"सांग."

तिने सांगितला. ट्रक जवळ आल्यावर तो ताडून पाहायचा नाही असं त्याने ठरवलं, आणि ताडून पाहिला. बरोबर होता.

परतताना मनीषनगरचा फाटा आला. तिथे आत त्याचं घर होतं. "दोन मिनिटं थांबू? चहा होईल," तो म्हणाला.

"तेल गार होईल."

पुढच्या सिग्नलला तो म्हणाला, "तू काही लिहायला विसरली नसतीस. मला माहीत होतं ते."

"माहीत होतं तर म्हणालास का?"

त्याने विचार केला. "सोपं होतं म्हणून," तो म्हणाला. तिने मान हलवली, उत्तर नोंदवून घ्यावं तशी, आणि वळणावर इंडिकेटर दिला.

पोर्चमध्ये गाडी शिरली तेव्हा वामनराव पायरीवर बसून गार्गीला मिरचीचं रोप कधी लावतात ते समजावत होते. सुमंत फाटकापाशी उभा होता. इंजिन बंद करू नका, अशी वामनरावांनी लांबूनच खूण केली. ते फरशीवर आडवे होऊन बॅटरीच्या उजेडात गाडीखाली डोकावले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"पांढरं हाय," शेवटी आवाज आला. "पुरं पांढरं."

मग त्यांनी पट्टी उपसली, पुसली, घातली, काढली, आणि स्वतः न पाहताच चारुलताच्या हातात दिली.

तिने ती आडवी धरली. खिशातून चष्मा काढला, पण लावला नाही. "गरमच्या दोन खुणांच्या मध्ये," ती म्हणाली. "मध्यापेक्षा एक मिलिमीटर खाली. रेघ स्वच्छ आहे."

अनिश तिच्या शेजारी उभा होता. त्याला वाकून पाहता आलं असतं.

"थोडं टाकायचं का मग?" सुमंतने विचारलं.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आधी वामनराव हसले, मग गार्गी. "तुम्ही आता हात धुवा जी," वामनराव म्हणाले, "अन् नवमीले सरळ पिंपळाले पाणी घाला."

"घालतो," सुमंत म्हणाला. त्याला हसू आलं नव्हतं.

चारुलताने पट्टी परत बसवली आणि बोनेट दाबून लावलं. "पुढच्या नवमीला गाडी फिरायला काढीन तेव्हा तुम्हाला हाक मारीन, भाऊजी," ती म्हणाली. "तोवर उद्याचे कागद काढून ठेवायचे आहेत. नऊला निघायचं. आरसी अन् विमा कुठे आहेत, अनिश?"

"माझ्या बॅगेत."

"मग आत आण."

त्याच्या हातात फोन वाजत होता. भंगारवाला होता, मंगळवारचं पक्कं करायला. अनिश फाटकाकडे जाऊन बोलला, पण पोर्च लहान होतं.

"नाही, नका येऊ," तो म्हणाला. "नाही हो, किमतीचा प्रश्न नाही. गाडी आई चालवते."